तीन दुणे सहा

यंदा आषाढात आमच्या चिरंजीवांना नोकरी लागली. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात, खरेदी विभागात. घरापासून स्कूटरवर वीस मिनिटं. देवापुढं नारळ ठेवून झाला, गल्लीत पेढे वाटून झाले, आणि तिसऱ्या दिवशी दारात एक भलंमोठं खोकं येऊन पडलं. आत पाच शर्ट, तीन पॅन्ट, टोकदार बुटांचा जोड आणि एक पट्टा. शर्टांपैकी एक जांभळा, एक मोरपंखी आणि एकावर चक्क बारीक बारीक अननस छापलेले.

"पैसे कुठून आणलेस रे?" मी विचारलं.

"हप्त्यावर आहे, बाबा. सहा महिने."

म्हणजे पहिला पगार हातात पडायच्या आधीच पहिला हप्ता दारात उभा! जिभेवर पुष्कळ काही आलं होतं. सौ.नं डोळ्यांनीच खूण केली आणि मी ते गिळलं. खरं सांगायचं तर नुसत्या तिच्या खुणेनं नव्हे. मला ते बोलायचा अधिकार आहे का, याचीच मला शंका होती.

१९८९ साली इथल्याच एका पतपेढीत मी कारकून म्हणून लागलो. पगार ६५० रुपये. आप्पा प्राथमिक शाळेत मास्तर. रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला समोर बसवलं आणि शाळेतल्या पोराला गणित घालावं तसं विचारलं, "तीन शर्ट आणि दोन पॅन्ट. किती जोड झाले?"

"सहा."

"आठवड्यात कामाचे दिवस किती?"

"सहा."

"झालं तर मग. तीन दुणे सहा. याहून जास्त कपडे लागतात असं म्हणणाऱ्याला पाढे येत नाहीत."

मात्र या पाढ्याला एक अट होती. कुठलाही शर्ट कुठल्याही पॅन्टवर चालला पाहिजे. एक जरी रुसून बसला तर सहाचे चार होतात. म्हणून शर्ट पांढरा, फिकट निळा आणि बारीक रेघांचा. पॅन्ट एक गडद राखाडी, एक गडद निळी. काळी नको, काळ्यावर धूळ उठून दिसते. पट्टा आणि बूट एकाच रंगाचे, म्हणजे सकाळी विचार करावा लागत नाही.

दोन शर्टांत का भागत नाही, याचं उत्तर आमच्या बेळगावच्या पावसात आहे. एक अंगावर, एक धुण्यात आणि एक वाळत. आषाढात सुती शर्ट दोन दोन दिवस दोरीवर ओलाच. आई शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर कपडे वाळवायची, आणि ऑफिसात माझ्या अंगाला धुराचा वास यायचा. म्हणून तिघांतला एक शर्ट टेरीकॉटचा. त्यात पॉलिएस्टर जास्त, सूत कमी. रात्री पिळून टाकला की सकाळी घालता येतो. चैत्रात मात्र तो अंगाला चिकटतो, तेव्हा इचलकरंजीच्या पॉपलीनचे उरलेले दोघे कामाला येतात. सुती कापड शिवायला टाकण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजत घालायचं, हाही आप्पांचाच दंडक. काय आटायचं ते कापडानं आटावं, शर्टानं नव्हे.

खडेबाजारालगतच्या एका बोळात आमचे टेलरमास्तर बसायचे. आप्पाही मास्तर आणि तेही मास्तर. रस्त्यात भेटले की दोघं एकमेकांना त्याच नावानं हाक मारत. टेलरमास्तर बोलायचे मराठीत, पण टेप हातात आला की आकडे कानडीत. "मूवत्तारु," असं ते पुटपुटले की पोऱ्या वहीत छत्तीस लिहायचा. शेवटी आप्पांकडं वळून त्यांचा नेहमीचा प्रश्न, "माया किती ठेवू?"

माया म्हणजे शिवणीच्या आत दाबून ठेवलेलं जादा कापड. अंग भरलं तर उसवून सोडता येतं. आप्पा म्हणाले, "कंबरेला मागं दोन इंच, पायाशी दुमडीत दोन इंच. नोकरी लागलीय, आता जेवेल नीट."

दोन महिने मी त्या सहा जोडांत सुखात होतो. मग पतपेढीतल्या मित्रांच्या बॅगी पॅन्टा डोळ्यांत भरू लागल्या. पुढं चुण्या, मांडीला ढगळ, खाली निमुळत्या. तिसऱ्या पगाराला घरात काही न बोलता मी भारीतलं कापड घेतलं, एक चमकदार तयार शर्ट घेतला, आणि पॅन्ट त्याच टेलरमास्तरांकडं टाकली. सगळे मिळून ४३० रुपये. आईच्या हातावर उरलेले २२० ठेवले आणि पतपेढीनं या महिन्यात कापून घेतले, असं धडधडीत खोटं सांगितलं.

आठवड्यानं पॅन्ट आणायला गेलो. मास्तरांनी ती कागदात बांधली, आणि मग मागच्या दोरीवरचा एक पांढरा शर्ट काढून माझ्या हातात दिला. "हा पण घेऊन जा. मास्तरांचा आहे. कॉलर उलटवलीय. तीन रुपये, नंतर दिले तरी चालतील."

कॉलर घडीवर विरते. मग शिंपी ती पट्टीपासून उसवतो, उलटी करतो आणि पुन्हा बसवतो. विरलेली बाजू खाली जाते, कोरी बाजू वर येते. शर्ट आणखी दोन वर्षं निघतो. हे मला ठाऊक होतं. आप्पांचे शर्ट असे उलटवलेले असतात, हे मात्र त्या दिवसापर्यंत कधी ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या एका हातात ४३० रुपये होते आणि दुसऱ्या हातात तीन.

घरी आलो. आप्पांनी शर्ट उजेडाकडं धरून पाहिला. "शिवण सरळ आलीय," एवढंच म्हणाले. दुसऱ्या पुडक्यात काय आहे, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ती बॅगी पॅन्ट मी फार तर पाच वेळा घातली. राखाडी पॅन्ट नऊ वर्षं चालली. दोनदा कंबरेला सोडली, एकदा पायाशी. माया होती म्हणून.

हे सगळं मी चिरंजीवांना अननसाच्या शर्टासमोर बसून सांगितलं. खोटं बोललो होतो तेही सांगितलं. सौ.लाही ते नवीनच होतं. तो लगेच पटल्यासारखं काही बोलला नाही. "तुमच्या वेळचं वेगळं होतं, बाबा," म्हणाला. तेही खरंच. पण दोन दिवसांनी खोक्यात परत माल भरताना दिसला. अननस तेवढा ठेवून घेतला, रविवारसाठी म्हणून.

मग आम्ही दोघं त्याच बोळात गेलो. टेलरमास्तर आता नाहीत. त्यांचा मुलगा बसतो. नवं शिवणं कमी झालंय, तयार कपडे आत-बाहेर करायचंच काम जास्त, असं म्हणाला. तयार पॅन्ट घेताना आतून उलटी करून मागची शिवण बघा, त्यात कापड सोडलेलं नसलं तर पुढं काही करता येत नाही, ही त्याचीच सूचना. शर्टाच्या खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे आणि वरचं बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटं गेली पाहिजेत. बाकी रंग कुठलाही असो. आम्ही दोन पॅन्टा शिवायला टाकल्या. दोन शर्ट तयार घेतले, एक शिवायला टाकला. साधे काळे नाडीचे बूट घेतले. पावसात भिजले की आत वर्तमानपत्र कोंबायचं, शेगडीजवळ न्यायचे नाहीत.

मुलानं माप घेतलं. आकडे कानडीतच पुटपुटला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "माया किती ठेवू?"

"दोन इंच," मी म्हणालो. आवाज आप्पांसारखा आला की काय, कोण जाणे.

श्रावणात पहिला पगार झाला. चिरंजीवांनी पाकीट आईच्या हातात दिलं आणि माझ्यापुढं एक कागदी पुडकं ठेवलं. आत पांढरं पॉपलीन, एका शर्टाचं.

"हे कशाला रे? मला आहेत की."

"दोनच आहेत, मी मोजले. आणि त्यातल्या एकाची कॉलर बघितलीय का कधी?"

मी मानेवर हात फिरवला. घडीवर सूत विरलेलं बोटाला लागलं.

"उलटवून घेतो," मी म्हणालो.

"ते घ्याच," तो म्हणाला, "पण तीन दुणे सहा व्हायला पाहिजेत ना?"

कापड त्या रात्री बादलीत भिजत घातलं.