उतार पेलणाऱ्या चकत्या

माळशेज चढताना कौतुक होतं ते इंजिनाचं. उतरताना मात्र माझं सगळं मन पुढच्या चाकांतल्या दोन बिडाच्या चकत्यांपाशी, ब्रेकच्या डिस्कपाशी असतं. डोंगराची उंची कुठेतरी जिरवावीच लागते, आणि ती तिथे जिरते, उष्णता होऊन. कसाऱ्याच्या घाटात इगतपुरीकडून खाली येताना सुमारे 300 मीटर उंची उतरते. 1200 किलोच्या गाडीची तेवढी सगळी ऊर्जा ब्रेकनी पेलली, तर त्या उष्णतेत दहा लिटर पाणी उकळीला येईल!

म्हणूनच या उन्हाळ्यात शहापूरच्या गॅरेजात पुढच्या डिस्क बदलून घेतल्या. नव्या डिस्कवर तिरक्या खाचा कोरलेल्या आहेत. पॅड फार तापले की त्यांतून वायू सुटतो, पॅड आणि डिस्कच्या मधे तो पातळ थर धरतो, आणि पाय जीव खाऊन दाबला तरी गाडी ऐकत नाही. खाचा त्या वायूला वाट देतात. पॅडची धूळ आणि पावसाचं पाणीही निपटून काढतात. मुरबाडच्या पुढे, सरळगाव-टोकावड्याकडे, श्रावणात गुरं ओल्या रानातून उठून डांबरावर येऊन बसतात. वळण संपतं तोच समोर गाय. तिथे पाण्याचा तो पापुद्रा पहिल्या क्षणीच पुसला गेलेला हवा.

"दादा, खाचेनं गाडी लवकर थांबत नाही, थांबवतो टायर," मिस्त्रींनी बजावलं. "आणि पॅड लवकर झिजतील." ब्रेक दाबल्यावर बारीक घरघरही येते. मला ती आवडते.

त्यांनी जुनं ब्रेक ऑइलही काढलं. तेही तितकंच मोलाचं. डॉट 4 ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे. हवेतला ओलावा प्यायल्यावर तोच 155 वर येतो. उकळलं की पेडल पोकळ. घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, हे तर नव्या डिस्कनंतरही सुटत नाही.

आता पाऊस सुरू व्हायच्या आत नव्या डिस्क पॅडशी रुळवून घ्यायच्या आहेत. पहाटे किन्हवलीच्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, वेग घ्यायचा, ब्रेक दाबून तो उतरवायचा, पण पूर्ण थांबायचं नाही. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक, पॅडचा थर डिस्कवर सारखा चढेपर्यंत. मग थंड होऊ द्यायच्या. माळशेज त्यानंतर.