आपल्या हातची जमीन

घरात आलेला पाहुणा भिंतींकडे पाहतो, छताकडे पाहतो, खिडकीतून दिसणाऱ्या निंबाच्या झाडाचे कौतुक करतो. परंतु ज्या जमिनीवर तो उभा असतो, तिची त्याला सहसा आठवण होत नाही. जमीन चांगली साधली म्हणजे ती विसरली जाते. पायाला ठेच लागली, की मगच तिच्याकडे लक्ष जाते. म्हणूनच जमीन करणाऱ्याच्या वाट्याला कीर्ती अशी फारशी येत नाही.

खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांत जमीन करणे हे घरच्याच माणसांचे काम असे. तापीच्या खोऱ्यातील काळी माती मोठी कसदार. कापसाची आणि केळीची ती माउलीच. परंतु घरात मात्र तिचा उपयोग नसे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात आकसते. मग तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून घराच्या जमिनीसाठी मुरूम आणि पांढरी माती आणीत. शेताला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणण्याची जुनी रीत उगीच पडलेली नाही.

प्रथम मुरूम पसरावयाचा, त्यावर पाणी शिंपडावयाचे आणि धुमसाने तो ठोकून घट्ट करावयाचा. मग कालवलेली माती अंथरून ती चोपण्याने चोपावयाची. माती फार ओली असताना चोपली, तर ती चोपण्याला चिकटते. अगदी वाळल्यावर चोपली, तर फुटते. मधली नेमकी वेळ साधावी लागे. शेवटी शेणाचे सारवण. शेणातील गवताचे बारीक तंतू मातीला धरून ठेवतात आणि वरची धूळ दबते.

हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते; ते हातांत होते. सासूच्या हातून सुनेच्या हाती आणि आईच्या हातून लेकीच्या हाती ते जाई. जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी शेतातील आणि घरातील कामे करता करताच त्यांना काव्य स्फुरले. अक्षरे न शिकलेला हातही किती शहाणा असू शकतो, याची साक्ष खानदेशाने अशी दिली आहे.

तथापि, त्या जमिनीचे केवळ गोडवे गाणे न्यायाचे होणार नाही. सारवण दोन दिवस टिके आणि पुन्हा उखडे. गुडघे टेकून, कंबर वाकवून ते पुनःपुन्हा करावे लागे, आणि हे कष्ट बहुधा घरातील स्त्रियांच्याच वाट्याला येत. घरोघरी शहाबादी फरशी आली, पुढे टाईल्स आल्या, तेव्हा हा भार उतरला. ही आनंदाचीच गोष्ट होय. पण त्याबरोबर एक गोष्ट हातची गेली. पायाखाली काय आहे, हे घरच्यांना कळेनासे झाले.

ती ओळख आज एका निराळ्याच वाटेने परत येऊ शकते. १९७७ साली स्वीडन देशात पेर्स्टॉर्प या कंपनीने लॅमिनेटची जमीन शोधून काढली. ही फळी दिसते सागवानी. पण ती अखंड लाकडाची नसते. लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या तक्त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद असतो आणि त्यावर घर्षण सोसणारा पारदर्शक थर असतो. फळीच्या कडांना खाचा असतात. एकीची कड दुसरीत तिरपी बसवून खाली दाबली, की ती अडकते. त्यामुळे जळगावच्या किंवा धुळ्याच्या एखाद्या घरात बाप आणि लेक मिळून सुट्टीच्या दोन दिवसांत खोलीची जमीन स्वतः अंथरू शकतात.

काम मात्र वाटते तेवढे सोपे नाही. फळ्यांचे गठ्ठे आणल्याबरोबर फोडावयाचे नसतात. दोन दिवस ते त्याच खोलीत आडवे ठेवावे लागतात, म्हणजे तेथील हवा त्यांच्या अंगी मुरते. खालची जमीन झाडून, पुसून, ओळंब्याने नव्हे तर लांब सरळ पट्टीने आणि पाणसळीने तपासावी लागते. उंचवटा घासावा लागतो, खळगा भरावा लागतो. आळस करून तसेच वर अंथरले, तर फळी पावलागणिक दबते, कुरकुरते आणि कालांतराने तिचा सांधा तुटतो. मग पातळ फोमचा थर पसरून ओळी लावावयाच्या. विटांच्या बांधकामाप्रमाणे एका ओळीचा सांधा पुढच्या ओळीच्या सांध्यासमोर येऊ द्यावयाचा नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट भिंतीजवळ असते. तेथे चारही बाजूंनी आठ ते दहा मिलिमीटर जागा मोकळी सोडावी लागते. नवशिक्याला ती फट खुपते. भिंतीला अगदी भिडवून फळी बसवावी, असे त्याला वाटते. परंतु मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास तापणारी कोरडी हवा आणि श्रावणातील दमट हवा यांमध्ये ही फळीही आकसते आणि फुगते. फुगावयास जागा नसली, तर खोलीच्या मध्यभागी ती कमानीसारखी वर उचलली जाते. शेवटी पट्टी लावून ती फट झाकतात. बुजवीत मात्र नाहीत.

काळ्या मातीचा स्वभाव ओळखून पांढरी माती निवडणारी आजी आणि फळीचा स्वभाव ओळखून फट सोडणारी नात, या दोघींची विद्या एकच आहे. वस्तूवर बळजबरी न करता तिचा धर्म जाणून घ्यावा आणि डोळ्यांना न दिसणारे काम दिसणाऱ्या कामाइतकेच मन लावून करावे, ही ती विद्या. ज्याने एकदा गुडघे टेकून चार हात जमीन अंथरली, तो पुढे कोणाच्याही फरशीवरून चालताना ती बसवणाऱ्या गवंड्याला, सारवलेल्या ओट्यावर पाऊल ठेवताना तेथे वाकलेल्या माउलीला मनोमन नमस्कार केल्यावाचून राहणार नाही.