लॅमिंग्टन रोड ते धोबी तलाव : गायन पार्टीची एक खरेदी

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून थोडे चालले की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण टॅक्सीवाल्याला ते सांगून पाहा, तो उलट विचारील, "म्हणजे लॅमिंग्टन रोडच ना?" १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे हे नाव लोकांच्या तोंडी अजून टिकून आहे. जुन्या माणसांना हा रस्ता सिनेमाचा म्हणून आठवतो. १९७५ साली आलेला 'शोले' इथल्या मिनर्व्हात पाच वर्षांहून अधिक चालला. ते मिनर्व्हा आज नाही. आज हा रस्ता ओळखला जातो तो वायर, पिना, स्पीकर, कॅमेरे आणि कॉम्प्युटर यांच्या दुकानांसाठी.

आम्ही चौघे कल्याणहून दादरला गाडी बदलून इथे आलो ते आमच्या गायन पार्टीच्या कामासाठी. गायक, कीबोर्डवाला, ढोलकीवाला आणि हिशेब सांभाळणारे आम्ही. अलीकडे जयंतीच्या कार्यक्रमांत गायक लॅपटॉपवर ट्रॅक लावून गातात. व्हायोलिन, सनई, कोरस सगळे ट्रॅकमध्ये असते. सुपारी देणाऱ्यालाही ते स्वस्त पडते, कारण वादकांची बिदागी वाचते. आमचा ढोलकीवाला दिवसा गोदामात हमाली करतो. जयंतीच्या महिन्यातल्या बिदागीवर त्याच्या मुलीची शाळेची फी भरली जाते. म्हणून निघण्यापूर्वीच बैठकीत ठरले : जी वाद्ये आपल्याकडे नाहीत तेवढीच ट्रॅकवर घ्यायची. ढोलकी, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड माणसेच वाजवतील.

हे ठरले आणि खरेदी थोडी अवघड झाली. ट्रॅकबरोबर माणसाने वाजवायचे, तर वादकाच्या कानात टिक-टिक ठोका लागतो. त्याला क्लिक म्हणतात. तो वादकाला ऐकू यावा, पण पब्लिकला जाता कामा नये. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून डावा आणि उजवा असे दोनच आवाज निघतात. एकावर गाणे, दुसऱ्यावर क्लिक अशी वाटणी करून काम भागते. पण मग सगळे गाणे एकाच बाजूचे होते. गाणे दोन्ही बाजूंनी हवे आणि क्लिक वेगळा हवा, तर आवाज बाहेर काढायला किमान तीन वाटा लागतात. बाजारात त्याखातर चार वाटांची डबी मिळते. तिलाच ऑडिओ इंटरफेस म्हणतात. ती यूएसबीने लॅपटॉपला जोडतात.

पहिल्या दुकानात आम्हाला बोटाएवढे यूएसबी साउंड कार्ड दाखवले. दुकानदार म्हणाला, "घ्या, आवाज येतो." आवाज येतो हे खरे, पण वाटा पुन्हा दोनच. तिथून आम्ही केबल आणि पिना घेतल्या आणि मरीन लाइन्सला उतरून धोबी तलाव गाठला.

धोबी तलावात आता ना तलाव, ना धोबी. तलाव बुजून पिढ्या गेल्या, नाव मात्र राहिले. समोर मेट्रो सिनेमा. वाद्यांच्या खरेदीसाठी हा भाग पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. फुर्टाडोज या १८६५ सालच्या पेढीचे नाव याच धोबी तलावाशी जोडलेले आहे. काचेमागे पियानो, गिटार, व्हायोलिन पाहून आमचा ढोलकीवाला दारातच थबकला. आत जायला पैसे पडत नाहीत, हे त्याला समजावावे लागले.

इथल्या एका दुकानात आम्ही दुसरा प्रश्न काढला, तो मिडीचा. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलावीत म्हणून ही पद्धत आली. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, निरोप जातो : कोणता सूर, किती जोरात, कधी. १९८५ साली निघालेल्या रोलंडच्या पहिल्या ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाजच नव्हता. काठी मारली की तो दुसऱ्या यंत्राला निरोप धाडायचा, एवढेच. आमच्याकडचा सेकंडहँड एसपीडी-२० स्वतः वाजतो, पण निरोपही पाठवतो. मात्र त्याला यूएसबी नाही, जुनी गोल पाच पिनांची मिडी आहे.

हा निरोप आम्हाला कशाला हवा? जलशाच्या काळापासून आपल्याकडे गाणे समोरच्या माणसांकडे पाहून वाढते. पब्लिकने दाद दिली की गायक कडवे पुन्हा घेतो. पार्टी थांबते, ट्रॅक थांबत नाही. पण एबलटन लाइव्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचे मुखडा, अंतरा, संगीत असे तुकडे पाडून ठेवता येतात. ऑक्टोपॅडच्या एका पॅडवर काठी मारली की तोच अंतरा मापात पुन्हा सुरू होतो. म्हणजे यंत्राने माणसासाठी थांबायचे. ही गोष्ट कळली तेव्हा गायकाचा चेहरा खुलला.

तेव्हा यादी अशी झाली : चार वाटा बाहेर, गोल मिडी आणि बळकट जोडण्या. या मापात बेहरिंगरची यूएमसी-२०४-एचडी, फोकसराइटची स्कारलेट फोर-आय-फोर आणि मोटूची एम-४ बसतात. फोकसराइटचीच टू-आय-टू दिसायला तशीच, पण तिला मिडी नाही आणि वाटा दोनच. डबीचे नुसते नाव ऐकून घेऊ नये, मागची बाजू फिरवून पाहावी.

सेल्समन आवाजाच्या उशिराविषयी बोलू लागला. हिशेब सोपा आहे. लॅपटॉप आवाज तुकड्या-तुकड्यांनी पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले, तर १२८ नमुन्यांच्या तुकडीला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, ५१२ ला सुमारे १२. कीबोर्डचा आवाज लॅपटॉपमधून काढणाऱ्याला हा उशीर बोचतो. आमची वाद्ये आपला आवाज आपणच काढतात, लॅपटॉप फक्त ट्रॅक वाजवतो. म्हणून आम्ही तुकडी मोठीच ठेवणार. मध्येच खरखर होणे त्याने टळते. तिथे जास्त पैसे घालण्याचे कारण उरले नाही. तिघांपैकी कमी किमतीची यूएमसी-२०४-एचडी घेतली, आणि वाचलेल्या पैशांत दोन डीआय बॉक्स.

डीआय बॉक्स घेण्याचे कारण घरोघरी सांगण्यासारखे आहे. लॅपटॉप चार्जरवर लावला की स्पीकरमधून पुष्कळदा हूं-हूं आवाज येतो. तो घालवण्यासाठी काही जण प्लगची अर्थिंगची जाड पिन मोडून टाकतात. वाचकहो, असे कदापि करू नका. मंडपात ओल असते, जनरेटरची लाइन असते, गायकाच्या हातात लोखंडी माइक असतो. अर्थिंग तोडणे म्हणजे जिवाशी खेळ. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचे बटण असते, ते दाबावे. नाहीतर गाणे होईपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर चालवावा.

अशा खरेदीला निघणाऱ्या पार्ट्यांना आमचे सांगणे एवढेच. रविवार टाळा, लॅमिंग्टन रोडवर त्या दिवशी बहुतेक दुकाने बंद असतात. आपला लॅपटॉप, आपली केबल बरोबर न्या आणि दुकानातच लावून पाहा. पक्के बिल मागा. तेच ट्रॅक एका मोबाइलमध्येही ठेवा, ऐनवेळी लॅपटॉप बसला तर उपयोगी पडतील. आणि वादकालाही बरोबर न्या. आमच्या ढोलकीवाल्याने दुकानातच हेडफोन कानाला लावला आणि गुडघ्यावर थाप देत क्लिकबरोबर ठेका धरला. दोन आवर्तनांत तो बसला. येत्या कार्यक्रमाची त्याची बिदागी आम्ही गाडीतच वहीत लिहून ठेवली.