वीज होती, वाट नव्हती

भंडारदऱ्याला रात्री अडीच वाजता इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागला आणि बाबांचं मशीन बंद पडलं.

बाबांना स्लीप अ‍ॅप्निया आहे. झोपेत श्वास अडकतो, म्हणून रात्रभर मास्क लावून सीपॅप मशीन चालवावं लागतं. मला जाग आली तेव्हा ते शाल पांघरून गाडीच्या पायरीवर बसले होते. "झोप तू, उजाडेलच आता," म्हणाले. सकाळी चहा पिताना सहज बोलल्यासारखं म्हणाले, "पुढच्या वेळी तू आणि आई जा. मी घरीच बरा."

ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

ही गाडी मी त्यांच्यासाठीच घेतली होती. 2009 सालची टेम्पो ट्रॅव्हलर, आधीच्या मालकाने कॅराव्हॅन करून घेतलेली. दोन बेड, छोटा फ्रिज, ओटा, दोन पंखे. बाबांनी अख्खी नोकरी कळवा कारशेडमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून काढली. लोकल ओव्हरहेड वायरखाली असते तोवर तिच्या बॅटरीची कुणाला आठवण येत नाही. पण वायरचा पुरवठा गेला की डब्यातले मोजके दिवे बॅटरीवर चालतात आणि खाली आलेला पँटोग्राफ पुन्हा वर न्यायलाही तीच लागते. त्या 110 व्होल्टच्या बॅटऱ्या बाबांनी वर्षानुवर्षं तपासल्या. आणि त्यांच्याच लेकीच्या गाडीत त्यांचं मशीन बंद पडलं.

परत आल्यावर मी ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला. "बॅटरी गेली, नवीन टाका," तो म्हणाला. हेच त्याने वर्षभरापूर्वीही सांगितलं होतं आणि तेव्हा मी 15 हजारांच्या वर मोजून 150 अँपिअर-अवरची नवी ट्युब्युलर बॅटरी टाकली होती.

बाबा हॉलमधून ऐकत होते. "हिशोब केलास का?" त्यांनी विचारलं.

वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. इंजिन सुरू करणारी बॅटरी क्षणभर प्रचंड करंट देते. तिच्या प्लेट्स पातळ असतात. घरातली बॅटरी थोडाथोडा करंट तासन्‌तास देते, म्हणून तिच्या प्लेट्स जाड. मशीन 40 वॉटचं, आठ तास, इन्व्हर्टरमधली गळती धरून साधारण 32 अँपिअर-अवर. फ्रिजचे 15, पंख्यांचे 10. म्हणजे रात्रीचे 60 सुद्धा नाहीत. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, तरी 75 हाताशी होते.

"मग रात्र निघायला हवी होती," मी म्हणाले.

"भरलेली असती तर."

आम्ही खाली गेलो. बाबांनी कपाटातून हायड्रोमीटर काढला होता. काचेच्या नळीत थोडं अ‍ॅसिड ओढायचं आणि आतली तरंगती कांडी किती वर येते ते वाचायचं. भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीत आकडा 1240 च्या आसपास येतो. आमच्या सहाही सेलमध्ये 1160 च्या आगेमागे होता. एकच सेल खाली असता तर बॅटरी खराब म्हटलं असतं. सगळे सारखेच खाली, म्हणजे ती उपाशी होती. आणि अशी अर्धपोटी ठेवली की प्लेट्सवर लेड सल्फेट घट्ट बसत जातं, मग भरायला घेतली तरी पूर्ण भरत नाही. पहिली बॅटरी अशीच गेली असणार.

"पण मी चार तास गाडी चालवली होती बाबा!"

"इंजिन सुरू कर."

अल्टरनेटरवर मीटरने 14.2 व्होल्ट दाखवले. मागे बॅटरीवर 13.0. मधले 1.2 व्होल्ट कुठे गेले? बाबांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या लोखंडाला लावलं. तिथे 0.2 च्या वर जायला नको. मीटर 1.1 दाखवत होता.

गाडीत परतीचा करंट वेगळ्या वायरने येत नाही, चॅसिसच्या लोखंडातून येतो. निगेटिव्ह वायर जिथे चॅसिसला बोल्टने आवळली होती, तिथे कुणीतरी रंगावरच बोल्ट मारला होता आणि खाली गंज धरला होता. आमचं पार्किंग खाडीपासून फार लांब नाही. इथल्या हवेत खिडकीचे गजही टिकत नाहीत.

बाबा वाकून बघत म्हणाले, "12 ऑक्टोबर आठवतो? 2020 चा?"

कळव्यात राहणाऱ्याला तो दिवस आठवतोच. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई बंद पडली, लोकल जागेवर थांबल्या आणि दिवसभर बातम्यांत आमच्या गावाचं नाव. कळव्याला येणाऱ्या 400 केव्हीच्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या होत्या.

"तेव्हाही वीज होती. पडघ्याला होती. यायला वाट नव्हती. तुझी बॅटरी बिचारी फुकट शिव्या खातेय."

काम अर्ध्या तासाचं होतं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. पॉझिटिव्ह आधी काढताना पाना चॅसिसला टेकला तर ठिणगी पडते. पॉलिशपेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, नवीन लग लावला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन. बॅटरीवर आता 14.0.

तरी नुसत्या गाडी चालवण्यावर बॅटरी पूर्ण भरत नाही. शेवटचा वीसएक टक्के चार्ज ती फार सावकाश घेते. म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना गाठलं, युनिटचे पैसे द्यायचं कबूल केलं आणि वॉचमनच्या केबिनमधल्या प्लगवरून रात्रभर चार्जर लावायची परवानगी मिळवली. झाकण उघडं ठेवून, कारण चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन निघतो. आता महिन्यातून एकदा रविवारी पाणी बघायचं, डिस्टिल्डच, आणि खुणेपर्यंतच. सहा आकडे वहीत लिहायचे. तिसऱ्या चार्जिंगनंतर 1225 वर आले. "थोडं गेलं ते गेलंच," बाबा म्हणाले, "पण रात्र निघेल."

महिन्याभराने पुन्हा भंडारदऱ्याला गेलो. बाबा आले. "आकडे बघायला येतोय," असं आईला सांगून.

त्या रात्री मीच जागी होते. दोन वाजले, अडीच, तीन. मशीनचा सूं-सूं आवाज चालू होता. कधीतरी माझाही डोळा लागला.

सकाळी मास्क काढल्या काढल्या बाबांनी विचारलं, "किती?"

मी मीटर लावून बघितलं. "बारा पॉइंट तीन."

"मग चहा टाक," म्हणाले आणि चपला शोधायला लागले.