आपलेच नाणे खोटे

वाचकहो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. पण आपणच खरे आहोत असे एकदा मनाने घेतले, की शहाणपण कुठले सुचायला? माझे तसेच झाले.

ऐन सोयाबीनच्या मळणीत मोबाइलवर चलन आले. गाडी माझ्या नावावर. जिल्ह्याच्या गावी चौकातल्या कॅमेऱ्याने विनाहेल्मेट टिपलेली. तारीख पाहून माझा पारा चढला. त्या दिवशी मी सकाळपासून खळ्यावर होतो. गाडी घरी आणि दंड शहरात, हा कुठला न्याय? थोरला म्हणाला, "आबा, भरून टाका. कशाला कटकट?" मी उलट त्यालाच झापले, "खोट्यापुढे मान तुकवायची नाही!"

बाजारच्या दिवशी तालुक्याला वकील गाठला. म्हटले, "फी काय होईल ती घ्या, पण हे चलन खोटे ठरवा."

वकीलसाहेबांनी विचारले, "आबा, चलनावरचा फोटो पाहिलात का?"

मी कुठला पाहणार! त्यांनी तो काढून माझ्यापुढे धरला. गाडी माझीच होती. वर माझाच थोरला, आणि त्याच्या खांद्यावर मळणीयंत्राचा नवा पट्टा.

मग आठवले. पट्टा तुटला होता, आभाळ भरून आले होते, आणि मीच ओरडलो होतो, "कसाही आण, पण दुपारच्या आत आण!" तो कसा गेला हे मी विचारलेही नव्हते. पोराला अजून अठरा पुरी नाहीत.

वकीलसाहेब म्हणाले, "2019 साली कायदा कडक झाला. अल्पवयीन पोराने गाडी चालवली तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. गाडी घरी होती असे कोर्टात मी तुम्हाला सांगू देणार नाही. दंड भरा आणि किल्ली सांभाळा." फी त्यांनी घेतली नाही.

घरी येऊन पोराला विचारले, "तू बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "आबा, खळ्यावर चार माणसांत तुम्ही गाडी घरी होती म्हणून सांगत होता. तुम्हाला खोटं कसं पाडू?" यावर मला उत्तर सुचले नाही. दंड त्याच संध्याकाळी भरला.

मंडळी, चलन खरोखर चुकीचेही असते. नंबराचा एखादा आकडा चुकून वाचला जातो. तेव्हा गप्प बसू नका. फोटो आणि आपली गाडी ताडून पाहा, कागदपत्रांसह वाहतूक पोलिसांकडे तक्रार नोंदवा. तिथे ऐकले नाही तर कोर्टात दाद मागता येते. वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना मिळकत न पाहता मोफत वकील मिळतो; इतर गरजूंना मिळकतीच्या मर्यादेत. पण वकिलाकडे जाण्याआधी घरात विचारा, आणि घरचे माणूस खरे बोलू शकेल असे विचारा.

किल्ली आता माझ्या करदोट्याला असते. आणि यंदा मळणीआधीच जादा पट्टा आणून ठेवला आहे.