मांडवीवरचा बिग ब्लाइंड

वीकेण्डला पणजीत आहात? मग संध्याकाळी जेट्टीवरून छोट्या बोटीत बसा आणि मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजावर चढा. वय मात्र २१ पूर्ण हवं, बॉस!

रुलेटचा गलबला मागे टाकून पोकर टेबलाकडे वळा. इथे आवाज कमी, टेन्शन जास्त. टुर्नामेंट रंगात येते, चिप्स आटतात आणि नेमकी तुमच्यावर बिग ब्लाइंडची पाळी येते. म्हणजे पत्ते बघण्याआधीच सक्तीची वर्गणी!

समजा, ब्लाइंड्स ५००-१०००. वर्गणी धरून तुमच्याकडे १५ हजारांच्या चिप्स. डीलर बटणावरच्याने २ हजार लावले, स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले. पॉटमध्ये साडेतीन हजार, तुम्हाला घालायचेत फक्त हजार. शंभरातले २२-२३ डाव जिंकलात तरी हिशेब जमतो. तेव्हा फोल्डची घाई नको.

पण स्टॅक छोटा असला की पत्त्यांचा भाव बदलतो. इस्पिकची पंजी-छक्की फ्लशची स्वप्नं दाखवते. ती खरी झाली तरी वसुली उरलेल्या चिप्सपुरतीच. त्यापेक्षा राजा-दश्शी बरी. त्यातल्या एकाची जोडी लागली की बहुतेक वेळा बिनधास्त ऑल-इन. एक्का-नव्वी असेल तर फ्लॉपआधीच ऑल-इन करता येतं. दुर्री-सत्ती मात्र सरळ टाका.

आणि भरलेला हजार? तो आता पॉटचा. त्याच्या मायेपोटी लढू नका, भाव परवडला तरच लढा.

एंट्री फी नाटकाच्या तिकिटासारखी घरूनच ठरवून निघा. चिप्स संपल्या की कॅश टेबलाकडे वळू नका, तिथे पगार जातो. सरळ डेकवर या. मांडवीचा वारा फुकट आहे!