तोवर चालू ठेवा

2025 च्या जुलैमधली गोष्ट. सोयाबीनवर फवारणी आटोपून पुतण्या ओसरीवर आला आणि माझ्या हातातल्या पेपरकडं बघून म्हणाला, "काका, तुमच्या थर्मलवाल्यांना सूट मिळाली म्हणं."

बातमी खरी होती. 11 जुलैच्या अधिसूचनेनं देशातल्या बहुतेक कोळसा वीज केंद्रांना गंधकाच्या वायूच्या मर्यादेतून मोकळं केलं होतं, चिमणीच्या उंचीची अट पाळली की झालं. ही मर्यादा आली ती 7 डिसेंबर 2015 ला, तेव्हा मी नोकरीत होतो. दोन वर्षांत यंत्रणा बसवा, असा हुकूम होता. आमचे साहेब हसले होते. गंधक धुवायला चुनखडीचं पाणी फवारणारा अख्खा वेगळा कारखाना उभारावा लागतो, तो दोन वर्षांत कुठून होणार? पुढं मोठ्या शहरांपासून लांबच्या केंद्रांचा 'क' गट झाला आणि त्यांची मुदत 2022 वरून 2024, मग 2026, मग 2029 अशी सरकत गेली. शेवटी मुदतच उरली नाही.

देशी कोळशात गंधक कमी असतो, हे खरं आहे. पण हा वायू हवेत गेल्यावर त्याचे बारीक कण होतात, हेही खरं आहे. पुतण्याला यातलं काहीच विचारायचं नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं की लाईट तरी आता नीट येईल का.

अशी सूट मी नोकरीत असतानाही पाहिली होती. मी माझं गाव पुसेगाव सोडून विदर्भातल्या एका वीज केंद्रात गेलो 1984 साली. केंद्राचं नाव इथं नको. नोकरीतली शेवटची पंधराएक वर्षं ईएसपीवर काढली. ईएसपी म्हणजे धुरातली राख विजेनं पकडणारी यंत्रणा. बॉयलरचा धूर लोखंडी पत्र्यांच्या उभ्या रांगांमधून जातो. मधल्या तारांवर हजारो व्होल्टचा दाब असतो, त्यानं राख पत्र्यांना चिकटते. हातोडे ठोकत राहतात आणि ती खाली हॉपरमध्ये पडते. 210 मेगावॅटचा एक संच पूर्ण लोडवर दिवसाला 3,000 टनांच्या आसपास कोळसा खातो, आणि आपल्या कोळशात 30 ते 40 टक्के राखच असते. त्यातली बहुतेक धुराबरोबर वर निघते. ती आम्ही अडवायची.

2011 च्या एप्रिलात पहिल्या रांगेतलं एक फील्ड (ईएसपीचा एक कप्पा) गेलं. आत तार तुटून पत्र्याला टेकली होती. चार दिवसांनी त्याच्या मागचंही गेलं, हॉपर चोक होऊन. हॉपर आम्ही घण मारून, सळई घालून मोकळा केला, तरी ते फील्ड उठलं नाही. आता दोन्हींना इलाज एकच होता, संच बंद करून, थंड करून आत उतरणं. तेही फार तर तीन-चार दिवसांचं काम.

पण उन्हाळा होता. कळव्याहून, राज्याच्या भार प्रेषण केंद्रातून, लोड मागायचा फोन यायचा. संध्याकाळी एकेका मेगावॅटसाठी ओढाताण चालायची. शटडाऊन मागितला तर वरून एकच उत्तर, "पावसाळ्यात बघू." कागद हलले, वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. भाषा गोड होती. विजेची निकड लक्षात घेता, तात्पुरती बाब म्हणून, अटींसह. आम्ही कंट्रोल रूममध्ये त्याचं मराठी केलं, तोवर चालू ठेवा.

तेव्हा धूलिकणांची मर्यादा घनमीटरला 150 मिलिग्रॅम होती. मी लॉगबुकात दर तासाला त्या दोन फील्डांपुढं 'बंद' लिहीत होतो. चिमणीतून काय जातंय, ते मात्र कॉलनीतल्या कुणालाही आकडा न बघता सांगता आलं असतं.

आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर हिनं गव्हाच्या कुरडया घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे उठून केलेल्या. दुपारी वर गेली तर पांढऱ्या कुरडयांवर करडी साय धरलेली. ओल्या असताना बसलेली राख झटकून जात नाही. तिनं आवाज चढवला नाही. ताट माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "तुमचं सामान आलंय, सही करून घ्या." त्या वर्षी कुरडया तळल्या तेव्हा दाताखाली कचकचल्या. पोरांनी मुकाट्यानं खाल्ल्या.

मी मनातून पत्र लिहिणाऱ्यांना शिव्या घालत होतो. शिव्या घालणं सोपं होतं.

त्याच महिन्याच्या शेवटी दोन दिवस गावाकडं आलो. वडिलांचा, अण्णांचा, उन्हाळी भुईमूग उभा होता आणि शेतीच्या थ्रीफेजची पाळी रात्रीची होती. मी आल्या आल्या अण्णांनी विचारलं, "का रे, तुमची लाईट आमच्याकडं रातीच का येती?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. रात्री बाराला त्यांच्यासोबत विहिरीवर गेलो. काठी, बॅटरी, सापाची धास्ती. स्टार्टरच्या पेटीजवळ धोतर आवरून ते बसून राहिले. एक वाजला, दीड वाजला. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस अंधारात एका तांबड्या दिव्याकडं बघत बसलेला.

मला आमचा संच दिसत होता. दोन फील्ड बंद, लोड पूर्ण. त्या रात्री तो दुरुस्तीला बंद केला असता तर कुठल्या गावाची पाळी कापली गेली असती, हे मला माहीत नव्हतं. पुसेगावचीही असू शकली असती.

दोनच्या सुमाराला दिवा लागला. अण्णांनी बटण दाबलं, मोटर घुमली, पाइपातून आधी हवा आणि मग पाणी आलं.

"आली बघ," अण्णा म्हणाले, आणि दारं धरायला अनवाणी निघून गेले.

मी हात धुवायला पाण्याच्या धारेखाली धरले. नखांत अजून राख होती.